खुनी फुटला

योगिनी भाटकरच्या पाचव्या कादंबरीतला खुनी कोण, हे पुस्तक छापून यायच्या आधीच अख्ख्या रत्नागिरीला कळलं. आणि ते सांगितलं तिच्याच नवऱ्यानं, मोठ्या अभिमानानं, कॅमेऱ्याकडे बघून हसत.

योगिनी खुनाच्या कादंबऱ्या लिहिते. मिरकरवाड्याच्या जेटीपासून तिचं घर जवळच. सकाळी नवऱ्याचा डबा भरून झाला, सासूच्या गुडघ्यांना तेल लावून झालं, की ती आतल्या खोलीत टेबलाशी बसते आणि जेवणवेळेपर्यंत कुणाला तरी मारते, नाहीतर मारणाऱ्याला शोधते. तिची नायिका उपनिरीक्षक तेजस्वी राणे. मंडणगडच्या डोंगरातली मुलगी, बदली होऊन किनाऱ्यावर आलेली. पंचनाम्यासाठी होडीत पाय ठेवला की हिला मळमळायला लागतं. वाचकांना तेजस्वी फार आवडते. पुण्याच्या प्रकाशकांना ती त्याहून आवडते, कारण आधीच्या चारही पुस्तकांच्या आवृत्त्या संपल्या होत्या.

घरच्यांनी आणि गावानं हे लेखन आपापल्या परीनं पचवलं होतं. सासू गुणवंती उभं आयुष्य मासळीबाजारात बसलेली. आता गुडघ्यांमुळे घरी असते, पण बाजार रोज तिच्याकडे येतो. सुरुवातीला ती कोळणींना सांगायची, "सून पुस्तकं लिवते." हल्ली नुसतंच सांगते, "सून खून करते." घरी कुणी नवीन बाई आली आणि योगिनीनं चहा आणला की गुणवंती कप पुढे सरकवत म्हणते, "घे गो, घे. यात काय नाय घातलान." नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला योगिनीनं एकदा विचारलं होतं, की अमुक गोळी दुधात पूर्ण विरघळते का. तेव्हापासून तो तिला खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.

तिचा पहिला वाचक म्हणजे नवरा, हितेश. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्याची शेड आहे. तिथे तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. हस्तलिखित हातात पडलं की रात्रीचा टीव्ही बंद करून, तोंड उघडं टाकून वाचतो. खुनी त्याला एकदाही ओळखता आलेला नाही, म्हणून योगिनीला तो वाचक म्हणून अतिशय सोयीचा वाटे. त्याच्यात एकच खोड होती. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे.

पाचव्या कादंबरीचं नाव ठरलं होतं 'एकविसावी लादी'. मासळीचा एक बडा व्यापारी नाहीसा होतो आणि ट्रकभर बर्फाच्या लाद्या उतरवताना एकविसाव्या लादीत सापडतो. बर्फामुळे मृत्यूची वेळच कळेनाशी होते आणि तेजस्वी गोंधळून जाते. हे लिहायचं तर बर्फाचा कारखाना बघायला हवा, म्हणून योगिनी जेटीवरच्या केरूमामांकडे गेली.

केरू शिवलकर हा गुणवंतीच्या माहेरच्या नात्यातला, साठी उलटलेला माणूस. बायको जाऊन काही वर्षं झालेली, दोन्ही मुलगे मुंबईला. आपल्या छोट्या बर्फाच्या कारखान्यात सकाळ-संध्याकाळ लाद्या काढायच्या, क्रशरवर बर्फ फोडून होड्यांना द्यायचा, मधल्या वेळात खुर्ची दारात टाकून बसायचं, हा त्याचा दिनक्रम.

"केरूमामा," योगिनीनं जरा चाचरतच विचारलं, "बर्फाच्या लादीत माणूस मावेल का हो?"

केरूनं चष्मा वर केला. प्रश्नाचं त्याला काहीच वाटलं नाही. "केवढा हाय?" त्यानं विचारलं.

"जरा जाडच आहे. व्यापारी आहे."

"मग साच्यात नाय जायचा. पाय दुमडायला लागतील. ये, दाखवतो."

आणि त्यानं तिला मिठाच्या पाण्याची टाकी दाखवली, पत्र्याचे उंच साचे दाखवले, आणि त्या व्यापाऱ्याला कुठल्या बाजूनं आत सोडावा, यावर इतक्या कळकळीनं विचार केला की योगिनीला थोडी भीतीच वाटली. पण बर्फाच्या कारखान्याचा मालक हाच खुनी असणार, हे त्या दुपारी पक्कं झालं. कादंबरीत तिनं त्याचं नाव बाबल्या ठेवलं.

लिहून झालं. पुण्याची संपादक वेदिका खूश झाली. प्रकाशनसंस्थेनं मुखपृष्ठ जाहीर केलं: निळसर लादी, आत अंधुक हात. डिसेंबरच्या पुस्तक प्रदर्शनात प्रकाशन. बातमी रत्नागिरीत पोचली तसा इथल्या एका सायंदैनिकाचा वार्ताहर अजिंक्य मुलाखतीला घरी आला. योगिनीनं व्यवस्थित मुलाखत दिली, खुनाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि ती चहा करायला आत गेली. बाहेर हितेश आणि अजिंक्य दोघेच राहिले. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ.

"तुम्ही वाचलीत का हो कादंबरी?" अजिंक्यनं सहज विचारलं.

"वाचली म्हणजे? मीच तर पहिला वाचतो," हितेश पुढे सरकला. "अहो, शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मी म्हणत होतो, तांडेलच असणार. होडीचा तांडेल, त्याचं भांडण झालेलं असतं ना! आणि निघतो कोण? बर्फवाला!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हितेश अंकाच्या तीन प्रती घेऊन घरी आला. "फोटो बघ," तो दारातूनच म्हणाला. "माझा पण घेतलाय. चांगला आलाय ना?"

योगिनीनं फोटो बघितला. मग त्यावरचा मथळा बघितला. 'बर्फवालाच निघाला खुनी! रत्नागिरीच्या लेखिकेची थरारक कादंबरी लवकरच.'

तिनं अंकाची घडी घालून तो टेबलावर ठेवला.

"हितेश," ती शेवटी म्हणाली, "तू खुनी फोडलास."

"मी? मी तर कौतुक केलं तुझं."

"दहावीचा पेपर फुटला तर परीक्षा परत घेतात. मी काय करू? त्या व्यापाऱ्याला परत मारू?"

"अगं, पण किती लोक वाचतात हा पेपर?"

आतून गुणवंतीचा आवाज आला. "बाजारात सगळ्यांनी वाचलानी. मघापास्नं तिघी येवन गेल्या. म्हणतात, केरू तसा वाटत नाय हो!"

रात्रीपर्यंत बातमी फोनवरून पुण्याला पोचली. वेदिकाचा आवाज थकलेला होता. छपाई थांबवली आहे, ती म्हणाली, पण डिसेंबरचं प्रदर्शन चुकवता येणार नाही; जाहिरात झाली आहे. "योगिनीताई, तुम्ही असं करा ना, खुनी बदला."

"खुनी म्हणजे काय पडदा आहे? हा नको, तो लाव?"

"फक्त शेवट बदलायचा."

"वेदिका, शेवट बदलायचा म्हणजे सुरुवात बदलायची. बाबल्यानं पहिल्या प्रकरणात लादी पुसलीय, ती काय हौस म्हणून?"

वेदिकानं उसासा टाकला आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. दिवाळी काही लांब नव्हती.

योगिनीनं हितेशशी बोलणं बंद केलं. म्हणजे भांडण नव्हतं. डबा वेळेवर मिळत होता, पण त्यात बोलणं नव्हतं. जेवताना तो म्हणायचा, "भाजी छान झालीय," आणि ती भाजीकडे बघायची. एकदा त्यानं धीर करून सुचवलं, "व्यापाऱ्याचा जुळा भाऊ असला तर?" त्या रात्री त्याला भाजीचंही कौतुक करायची परवानगी राहिली नाही.

तिनं तांडेलाला खुनी करून पाहिलं, पण खुनाच्या वेळी तो दर्यात होता आणि त्याच्यासोबत सात खलाशी होते. त्या सगळ्यांना खोटं बोलायला लावायचं तर कादंबरी दुप्पट झाली असती. मग तिनं व्यापाऱ्याच्या बायकोवर संशय नेला. दुपारी सासूच्या पायाशी बसून तिनं विचारलं, "आई, बायकोनंच मारलं असेल तर पटेल?"

"कशाला मारील?" गुणवंती म्हणाली. "मेल्यावर मग बोलायचं कुणाला?"

बायकोही बाद झाली. योगिनी टेबलाशी बसायची, एक परिच्छेद लिहायची, दोन खोडायची. तेजस्वी राणे बिचारी गेल्या आठवड्यापासून जेटीवरच उभी होती, आणि तिला मळमळत होतं. यात भर म्हणजे योगिनीला केरूमामांची काळजी लागली होती. त्या भल्या माणसानं आपला कारखाना दाखवला, आणि आपण त्याला गावभर खुनी केलं. जाऊन माफी मागायला हवी, असं ती रोज ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची.

शेवटी केरूच आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात पिशवी. पिशवीत ताजी सुरमई होती. ती त्यानं गुणवंतीकडे दिली आणि योगिनीसमोर खुर्चीत बसला.

"मामा, मी येणारच होते तुमच्याकडे," योगिनी घाईघाईनं म्हणाली. "त्या पेपरामुळे तुम्हाला फार त्रास झाला असेल..."

"तरास?" केरूला हसू आवरेना. "अगो, कसला तरास! बर्फ न्यायला खलाशी येतात, ते म्हणतात, मामा, आज कितीजणांना गोठवलात? चहा पिवन जातात. आधी लादी घेतली की पळायचे. परवा एक जोडपं गणपतीपुळ्याला जावन परत येत होतं, ते वाकडी वाट करून आलं. माज्यासंगं फोटो काढलानी. त्या पोरीनं विचारलान, काका, भीती नाय वाटली? मी म्हटलं, पहिल्यांदा वाटते!"

गुणवंतीनं आतून विचारलं, "पहिल्यांदा म्हंजे? किती केलेस रे मेल्या?"

केरू खुशीत मांडीवर थाप मारून हसला. योगिनीलाही हसू आलं, पण लगेच तिला आठवलं की याला खरं सांगायला हवं.

"मामा, एक सांगायचंय. आता सगळ्यांना कळलं ना, म्हणून शेवट बदलावा लागतोय. खुनी तुम्ही... म्हणजे बाबल्या नसणार."

केरूचं हसू थांबलं. "मग कोण?"

"अजून ठरलं नाही."

"म्हंजे माज्या जागी दुसऱ्याला बसवणार?"

"अहो, चांगलंच आहे की. निर्दोष सुटताय तुम्ही."

"सुटून काय करू?" केरू म्हणाला. त्यानं हातातला रुमाल उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. "निर्दोष माणसाकडं कोण बसतं गो?"

हे तो तक्रारीनं म्हणाला नव्हता. भाव विचारावा तितक्या साधेपणानं म्हणाला होता. केरूनं मग हवापाण्याचं काहीतरी काढलं, यंदा बांगडा उशिरा आला वगैरे, चहा घेतला, आणि जाताना दारात वळून म्हणाला, "बघ हां, जमत असंल तर ठेव मला. माजी काय हरकत नाय."

तो गेल्यावर योगिनी बराच वेळ उंबऱ्याशी उभी राहिली. नंतर ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणाली आणि आली नाही. सुरमईचं कालवण गुणवंतीनं एकटीनंच केलं, कुरकुरत.

नव्या शेवटात बाबल्या खुनी नव्हता. पण बाबल्या स्वतःहून पोलीस ठाण्यात जाणार होता आणि सांगणार होता की मीच मारलं. पेपर वाचलेला वाचक म्हणणार, बरोबर, आम्हाला माहीतच होतं. तेजस्वीचे वरिष्ठ फाइल बंद करायला निघणार. आणि तेजस्वी एकटीच अडून बसणार, कारण बाबल्या कबुली देताना घाबरत नव्हता, रमत होता. विचारलं त्याच्या दुप्पट सांगत होता. दुसऱ्यांदा चहा मागत होता. जबाब संपला म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला होता.

योगिनी लिहीत सुटली. कंदील लागले, फराळाचे डबे भरले, पाहुणे येऊन गेले, आणि ती प्रत्येक पाहुण्याला चकली देऊन परत टेबलाशी. आता खरा खुनी हवा होता, आणि तो कारखान्यात ये-जा असणारा, पण कुणाच्या नजरेत न भरणारा हवा होता. कारखान्याचा कॉम्प्रेसर बिघडला की दुरुस्तीला मेकॅनिक येतोच. तिनं मेकॅनिकला धरलं. मेकॅनिक कसा बोलतो, कसा चालतो, हे शोधायला तिला घराबाहेर पडावं लागलं नाही.

दिवाळी संपता संपता तिनं हस्तलिखित हितेशपुढे ठेवलं. त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, खरंच वाचायचं आहे ना, अशा नजरेनं. ती म्हणाली, "वाच." इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि त्यात भाजी नव्हती.

रविवार होता. तो पडवीत बसला तो दुपारपर्यंत हलला नाही. बाबल्याच्या कबुलीजबाबाला त्यानं नाक पुसलं. पुढे तो मधूनमधून योगिनीकडे विचित्र नजरेनं बघू लागला. शेवटचं पान उलटून तो आत आला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"तो मेकॅनिक. हात पुसून झाले की बोटांचा वास घेतो. काही विचारलं की 'होऊन जाईल' म्हणतो."

"असे पुष्कळजण असतात."

"डाव्या बुटाची नाडी सुटलेली असते त्याची, योगिनी!"

तिनं दाराशी काढलेल्या त्याच्या बुटांकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

"बरं मग," ती म्हणाली, "आता सांग कुणाला सांगायचं ते. अजिंक्यला फोन लावून देऊ?"

हितेश गप्प बसला. पुस्तक येईपर्यंत तो गप्पच राहिला. शेडमध्ये गिऱ्हाइकं विचारायची, "हितेशभाऊ, बर्फवालाच ना?" तर तो इंजिनात डोकं खुपसून म्हणायचा, "मला काय ठाऊक." गुणवंतीला मुलाची काळजी वाटू लागली. तिनं त्याला हळदीचं दूध दिलं.

वेदिका मात्र सुखावली होती. नवा शेवट जुन्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, असं ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि योगिनीला हे कबूल करणं जड जात होतं, कारण त्याचं श्रेय थोडंफार हितेशला द्यावं लागलं असतं. प्रकाशनसंस्थेनं फुटलेल्या बातमीचीच जाहिरात केली: 'खुनी कोण, हे तुम्हाला माहीत आहेच. खात्री आहे?' प्रदर्शनात पुस्तक चांगलं गेलं. अजिंक्यनं पुन्हा मुलाखत घेतली. या खेपेला चहा हितेशनं केला आणि बाहेर योगिनी एकटी बसली.

केरूनं पुस्तकाच्या बऱ्याच प्रती मागवल्या आणि बर्फ न्यायला येणाऱ्या प्रत्येक होडीला एकेक वाटली. स्वतः तो वाचायला संथ. रोज दोन-चार पानं, चष्मा पुसत, दारातल्या खुर्चीत. त्यामुळे खलाशांना आधी कळलं. "मामा, तुम्ही नव्हतातच!" कुणीतरी जेटीवरून ओरडलं.

योगिनीच्या कानावर हे आलं आणि मग केरूकडून काहीच आलं नाही. तो आला नाही, फोन नाही. तिला चैन पडेना. तिनं त्या माणसाचं बोलणं, बसणं, त्याचा रुमालसुद्धा उचलला होता, न विचारता. खून करायला लावला तेव्हा तो हसला होता. हे त्याहून जास्त लागलं असेल तर?

एका रविवारी दुपारी पानं वाढत असताना केरू दारात उभा दिसला. काखेत पुस्तक, त्यात एका जागी बोट घातलेलं.

"ये रे केरू," गुणवंती म्हणाली.

तो आला, पण बसला नाही. त्यानं पुस्तक उघडलं. "तो बाबल्या साहेबीणबाईंना सांगतो," केरू म्हणाला, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत त्यानं वाचलं, "'एवढा वेळ तुम्ही माझं ऐकून घेतलंत. घरी रेडिओ असतो, पण त्याला मध्ये काही विचारता येत नाही.'" त्यानं पुस्तक मिटलं. "हे मी तुला कवा सांगितलं?"

"नाही सांगितलंत, मामा."

"मग?"

योगिनीनं हातातली पळी खाली ठेवली. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"चुकलं नाय," केरू म्हणाला. त्यानं पुस्तक परत काखेत धरलं. "आमच्या स्वरूपनं मुंबईत वाचलान. फोन केलान. म्हणतो, बाबा, हे तुम्हीच ना? मी म्हटलं, नाय रे, गोष्ट हाय, गोष्टीत काय पण लिवतात. तर काय बोलला नाय बराच वेळ. मग म्हणाला, शिमग्याला पोरांना घेवन येतो."

हितेश स्वयंपाकघराच्या दारात हातात ताट घेऊन उभा होता. त्यानं ते केरूसाठी म्हणून गुणवंतीपुढे ठेवलं.

"हे चांगलं झालं," योगिनी म्हणाली.

"चांगलंच झालं," केरू म्हणाला आणि आता कुठे खुर्चीत टेकला. "पण शिमगा लांब हाय गो. म्हणून म्हणतो, पुढच्या पुस्तकात मला मारूनच टाक. मग बघ, दुसऱ्या दिवशी येतील सगळे."

गुणवंतीनं गुडघ्यावर हात टेकून उठत त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं. "आधी जेव," ती म्हणाली. "मारायचं मग बघू."